आईची कचेरी

आईच्या जुन्या घरी आलेल्या व्यापाऱ्याने तिच्या मेजाची झडप खाली घेतली, आतल्या हिरव्या कापडावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "कोरं आहे. यावर कुणी कधी लिहिलेलंच नाही." तो तक्रार करत नव्हता. जुन्या मेजांवर शाईचे डाग असतात, निबाचे ओरखडे असतात, ते इथे नव्हते म्हणून त्याला बरंच वाटलं होतं. दादालाही बरं वाटलं. वहिनीने तर मान पुढे करून कापड पाहिलं आणि आईंचं सगळंच कसं टापटीप, असं काहीतरी ती म्हणाली. दादाच्या धाकट्या बहिणीला मात्र, जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून टाकलेलं पाऊल सपाट जमिनीवर आपटावं, तसं झालं. तिने पुढे होऊन पाहिलं. कापड खरंच स्वच्छ होतं. फक्त कडेला, दोन्ही बाजूंना, बशीएवढे दोन भाग विरून पिवळट पडले होते. तिथे कोपरं टेकत असणार. बाकी एक ठिपका नाही, एक रेघ नाही. खण दादाने आधीच ओढून ठेवले होते. त्यांत जुन्या लाकडाच्या वासाखेरीज काही नव्हतं. ती म्हणाली, आज काही ठरवू नकोस, मी आईशी बोलते. दादा म्हणाला, आईशी काय बोलायचंय, तीच म्हणाली विकून टाका. तरी ती म्हणाली, मी बोलते. आणि पर्स उचलून जिना उतरली. मागून दादा व्यापाऱ्याला, आमची बहीण लेखिका आहे, असं काहीसं सांगत असल्याचं तिला ऐकू आलं. जणू एवढ्याने तिच्या वागण्याचा खुलासा होत होता.

बाहेर उन्हं उतरली होती. रस्त्याच्या कडेला पाण्याची पाइपलाइन दुरुस्त करायला खणलं होतं आणि लोक फळीवरून एकेक करून जात होते. फळीवर तिचा तोल गेला नाही, पण ती पलीकडे जाऊन थांबली आणि मागचे लोक तिला वळसा घालून जाऊ लागले. मग आई त्या मेजाशी बसून काय करत होती? लहानपणीच्या किती दुपारी तिने दारातून आईची पाठ पाहिली होती. मेज बेडरूमच्या कोपऱ्यात होतं, भिंतीकडे तोंड करून. बायकांसाठीच बनवलेलं असावं, इतकं नाजूक, की बाबांचे गुडघे त्याखाली मावत नसत. निमुळते पाय, गडद लाकडाच्या झडपेत फिकं लाकूड बसवून काढलेली वेल, वेलीला शिंपल्याची इवली फुलं. वरच्या अंगाला कपाटासारखे दोन कप्पे आणि त्यांना काचेची दारं. काचेवर मागच्या बाजूने रंगवलेली चित्रं, म्हणून ती पुसली जात नसत. एका दारावर तळं आणि रिकामी होडी. दुसऱ्यावर एका पायावर उभा बगळा. आई बसली की तिचं डोकं बरोबर होडी आणि बगळा यांच्या मध्ये येई. पाठ ताठ, मान किंचित खाली, दोन्ही कोपरं मेजावर. हात दिसत नसत. जे दिसत नव्हतं ते तिने भरून काढलं होतं. त्या हातांत पेन होतं, पेनाखाली कागद होता आणि कागदावर असं काही होतं, जे घरातल्या कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं.

हे मेज बाबांनी आणलं होतं. ते विमा कंपनीत होते. आग लागली, पूर आला, की मागाहून जाऊन किती नुकसान झालं ते पाहायचं, हे त्यांचं काम. अशाच कुठल्याशा पाणी शिरलेल्या बंगल्यात त्यांनी ते पाहिलं. मालक परदेशी निघाले होते, त्यांना ते नकोच होतं. एरवी घरात चमचा आणायचा तरी दहादा विचार करणारा माणूस टेम्पोत पुढे बसून मेज घेऊन आला आणि आईला म्हणाला, बाईमाणसाचं मेज आहे, तू वापर. आईने आधी ठेवायचं कुठे असं विचारलं, आणि मग वापरू कशाला असं. बाबा म्हणाले, लिही काहीतरी. तेव्हा घरात ते पाच जण, शिवाय बाबांचा धाकटा भाऊ, आणि नवऱ्याशी पटत नाही म्हणून येऊन राहिलेली आत्या, असा गोतावळा होता. पाचवी म्हणजे दादा आणि तिच्या मधली बहीण, जी पुढे लग्न करून दूर गेली. मेज बरेच दिवस नुसतं इस्त्रीचे कपडे ठेवायला होतं. मग एका दुपारी आईने कपडे पलंगावर ठेवले, झडप उघडली आणि ती बसली. बाबा चपला काढून आत आले, त्यांनी ते पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना बाहेर काढलं. आई लिहितेय. काकाने त्या जागेचं नाव कचेरी ठेवलं. आई कुठाय? कचेरीत. आत्या नाक मुरडून म्हणायची, आमच्या वेळी नव्हत्या बाई कचेऱ्या. पण तिचाही आवाज त्या वेळेपुरता खाली यायचा.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक बाई पिशवीतलं सामान परत परत लावत होती. तिला आठवलं, घरात प्रत्येकाची आईच्या लिहिण्याची वेगळी कल्पना होती. बाबांना वाटायचं, ती दूरच्या मावशीला लिहिते. मावशीचं उत्तर कधी येत नाही याचं त्यांना नवल वाटलं तरी ते विचारत नसत, बायकांच्या गोष्टीत पडायला नको म्हणून. दादा म्हणायचा, घरखर्चाचा हिशोब. आत्याची खात्री होती की आपल्याविषयी लिहिते. आणि ती? ती आठ-नऊ वर्षांची असेल, तेव्हा दादाच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून जिन्याखाली जाऊन बसायची. आईसारखी पाठ ताठ करायची, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची. काय लिहायचं ते सुचायचं नाही, पण बसणं जमलं होतं. पुढे लिहिणंही आलं. शाळेच्या पुस्तकांचं संपादन करण्याची नोकरी लागली, त्यात शब्द मोजूनमापून लिहावे लागत, आणि घरी येऊन ती न मोजता लिहू लागली. तिचं कथांचं पुस्तक आलं तेव्हा अर्पणपत्रिकेत तिने छापलं होतं: 'झडपेआड लिहिणाऱ्या आईला, जिने काहीच छापलं नाही.' समारंभात तिला बोलायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती की खरी लेखिका माझी आई, मी नुसती तिची नक्कल उतरवून काढते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत आई बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. टाळ्या वाजत असताना ती मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत होती. तिला वाटलं होतं, आई संकोचली. आता बसच्या खिडकीत तो रुमाल तिला पुन्हा दिसला, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नक्कल. कशाची नक्कल?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिच्यापुढे चौथीच्या भूगोलाचं प्रूफ होतं. नदी डोंगरातून निघते आणि समुद्राला मिळते. हे वाक्य तिने किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. शेजारच्या टेबलावरच्या चित्रकाराने विचारलं, काही चुकलंय का? ती म्हणाली, नाही, बरोबर आहे, तेच बघतेय. तिला राग आला होता, आणि राग कुणावर ते कळत नव्हतं. आईने कधी म्हटलं होतं का, मी लिहिते? नाही. पण नाही असंही म्हटलं नव्हतं. माणसाने आयुष्यभर एखाद्या घरात भाड्याने राहावं आणि मग कळावं, की घराला मालकच नव्हता. भाडं कुणी मागितलंच नव्हतं, आपणच नेमाने नेऊन ठेवत होतो. जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच्या गोष्टी मनातल्या मनात चाळल्या. जवळजवळ प्रत्येकीत कुठेतरी एक बाई पाठमोरी बसलेली होती. टीकाकारांनी त्यावर बरंच लिहिलं होतं. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचंही वाईट वाटलं.

सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे गेली. पडल्यापासून आई तिथेच होती. कंबरेचं हाड सांधलं होतं, काठी घेऊन चालत होती. दादाचं घर चांगलं होतं. उंच इमारत, लिफ्ट, आईसाठी वेगळी खोली, खोलीला लागून न्हाणीघर, भिंतीला धरायला दांडे. स्वयंपाकाला बाई, आईच्या सोबतीला दिवसाची नर्स. वहिनी मनाची चांगली. आईंना कशाला हात लावू देत नाही आम्ही, असं ती अभिमानाने सांगायची. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. तिला पाहून आईने काठी शोधली, पण नर्स म्हणाली, बसा आजी, मी पाणी आणते. आणि आई पुन्हा टेकली. ती पलंगाच्या कडेला बसली. इकडचं तिकडचं झालं. बहिणीचा फोन आला होता का, दादाच्या मुलाची परीक्षा, लिफ्ट मध्येच कशी अडकली. मग नर्स जेवायला गेली आणि तिने मेजाचा विषय काढला. व्यापारी काय म्हणाला ते सांगितलं. तिला वाटलं होतं आई बिचकेल, निदान नजर चुकवेल. आई म्हणाली, "मग? खरंच आहे. मी कुठे लिहायचे?"

"मग करायचीस काय?"

"बसायचे."

"नुसती?"

आईने थोडा विचार केला. उत्तर लपवायला नव्हे, नीट आठवायला. ते सगळं तिने हळूहळू सांगितलं, मध्येमध्ये थांबत, टीव्हीवरच्या मुक्या माणसांकडे बघत. घरात एवढी माणसं. अगं ऐकलंस का, आई माझा मोजा, वहिनी जरा इकडे या. पलंगावर आडवं झालं तर बरं नाही का म्हणून विचारायचे. खिडकीत उभं राहिलं तर कुणाची वाट बघतेस. देवासमोर बसलं तरी आत्या येऊन शेजारी बसायची आणि नवऱ्याचं सांगायची. त्या दिवशी मेज पुसायला म्हणून झडप उघडली आणि पाय दुखत होते म्हणून टेकले. तर तुझे बाबा आले आणि सगळ्यांना हाकलून दारसुद्धा लोटून घेतलं. मला आधी कळेचना. मग कळलं. "लिहिणाऱ्या माणसाला कुणी उठवत नाही," आई म्हणाली. "स्वयंपाक करणाऱ्याला उठवतात, जेवणाऱ्याला उठवतात, झोपलेल्यालासुद्धा उठवतात."

तिने विचारलं, मग एवढा वेळ मनात काय चालायचं. काही नाही, आई म्हणाली. कधी कधी काही चालायचं, पण ते धरून ठेवायचे नाही. कधी पेंग यायची, पण पाठ वाकू द्यायची नाही, कारण तू दारात उभी राहून बघायचीस. ती चमकली. आईला माहीत होतं. चित्रं बघायचीस का, असं तिने विचारलं, कारण होडीत बसून आई कुठेतरी जात असेल, असं तिच्या एका गोष्टीत होतं. आईने हातानेच ते झटकलं. कसली होडी. आणि तो बगळा मेला एका पायावर उभा. त्याच्याकडे बघितलं की माझ्याच पायाला मुंग्या यायच्या. एकदा मात्र लिहून बघितलं होतं, ती म्हणाली. एवढं सगळे म्हणतात तर बघू या. कागदावर 'आज' असं लिहिलं. पुढे काय लिहायचं? आज जे झालं होतं ते मला माहीतच होतं. मग तो कागद डब्याच्या तळाशी घातला.

दोघी हसल्या. आई हसताना तिला कंबर धरावी लागली. हसू ओसरल्यावर लेकीच्या तोंडून ते निघालंच. समारंभात मी एवढं बोलले, पुस्तकात छापलं, तेव्हा तरी सांगायचं होतंस. लोकांसमोर मी मूर्ख ठरले, असं तिला म्हणायचं होतं, पण ते म्हणायच्या आधीच तिला कळलं की लोकांना काहीच माहीत नाही, आणि कधी होणारही नाही. आईने रुमाल काढून चष्मा पुसला.

"सांगणार होते," आई म्हणाली. "तू लहान होतीस तेव्हाच. जिन्याखाली बसलेली दिसलीस एकदा. मान खाली घालून काहीतरी खरडत होतीस, जीव लावून. म्हटलं, हिला सांगितलं तर ही थांबेल. मग नाही सांगितलं. आणि मग राहूनच गेलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी एकसारखी पीं पीं करत होती. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण एका लिहिणाऱ्या बाईकडे बघत होतो. प्रत्यक्षात एक बाई पाठ ताठ ठेवून, झोप आवरून, मागे उभ्या असलेल्या मुलीसाठी लिहिण्याचं सोंग वठवत होती. यातलं मोठं काम कुठलं, हे तिला ठरवता येईना. राग शोधला तर सापडेना. त्याच्या जागी जे होतं त्याला नाव नव्हतं. ती म्हणाली, मेज मी माझ्याकडे नेते. सोफा काढून टाकीन, पण नेते. आई म्हणाली, कशाला? तुला त्यात अडचण होईल. तुझे पाय लांब आहेत, बाबांवर गेलेत. ती म्हणाली, मग तुझ्यासाठी इथे आणू या, दादाला मी सांगते, जागा करता येईल. आईने मान हलवली. खोलीकडे, दांड्यांकडे, मुक्या टीव्हीकडे एकदा बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, हवापाण्याचं सांगावं तसं म्हणाली, "इथे काय करू त्याचं? इथे मला कुणी हाकच मारत नाही."

नर्स हात पुसत आली आणि औषधाची वेळ झाली.

मेज विकलं. व्यापाऱ्याची माणसं येऊन काचेची दारं आधी वेगळी काढून, गोधड्यांत गुंडाळून घेऊन गेली. ते कुठल्याशा हॉटेलच्या दर्शनी भागात ठेवणार आहेत, असं दादाने सांगितलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चला, म्हणजे आता त्याच्यापुढे कुणीच बसणार नाही. त्यानंतर आईला आपल्याकडे नेण्याबद्दल ती दादाशी बोलली. भांडण झालं नाही, पण वहिनी दुखावली. आम्ही काय कमी केलं, असं तिने विचारलं, आणि खरंच कमी काहीच केलं नव्हतं. थोडे दिवस माझ्याकडे, मग बघू, एवढ्यावर ते थांबलं. तिचं घर लहान. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत एक वेताची खुर्ची आणि वाळत घातलेले कपडे. पहिले दिवस तिनेही तेच केलं जे वहिनी करत होती. चहा हातात, वर्तमानपत्र हातात, तू बस, मी आहे ना. आई बसायची. पण लहानपणी ती दारातून बघायची ते हे बसणंच नव्हतं. पाठ खुर्चीला टेकलेली, हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखे. फक्त ते ओळखायला तिला वेळ लागला.

मग एका सकाळी सातवीचं पुस्तक छपाईला जायचं होतं, प्रूफं जेवणाच्या टेबलावर पसरली होती, फोनवर मुद्रक थांबला होता, आणि तिच्या तोंडून विचार न करता निघून गेलं, "आई, गॅस बंद कर गं." म्हटल्यावर तिने जीभ चावली. पण काठीचा आवाज आला, मग बटण फिरवल्याचा, मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा. येताना आई म्हणाली, भाजी लागत होती खाली, तुझं लक्ष कुठे असतं. तिच्या आवाजात एक जुना, किंचित चिडका सूर होता. तो ऐकून मुद्रकाला काय सांगायचं होतं तेच ती विसरली. त्यानंतर ती हाका मारू लागली. आधी मुद्दाम, जपून, हलकी कामं शोधून. पुढे मुद्दाम मारायचं विसरली. आई, चष्मा दिसतोय का माझा. आई, दार बघ. आई, ऐक ना, 'सुपीक' बरं वाटतं की 'कसदार'? आई यायची, कधी रागावत, कधी दमत, आणि कसदार म्हणायची. इकडेही येणारी नर्स आता नको असं आईनेच सांगून टाकलं.

तिने स्वतः मात्र काही लिहिलं नव्हतं. दोन-तीनदा बसली, आणि समोर पाठमोरी बाई आली की पेन खाली ठेवलं. ती बाई आता वळून बघायची, आणि तिला झोप आलेली असायची. मग एके दिवशी, ऑफिसला सुट्टी होती, तिने दूध तापत ठेवलं आणि टेबलाशी येऊन बसली, आणि काहीतरी सुरू झालं. काय ते तिला नीट कळत नव्हतं, पण त्यात पाठमोरं कुणी नव्हतं. दोघीजणी एकमेकींकडे तोंड करून भाजी निवडत होत्या आणि त्यांच्यातली एक खोटं बोलत होती. वाक्यामागून वाक्य येत होतं. स्वयंपाकघरातून दुधाचा वास आला. मान वर न करता तिने हाक मारली, "आई, दूध बघ गं."

काठीचा आवाज आला नाही. तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. गॅलरीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून वेताच्या खुर्चीची कड दिसत होती आणि आईचा खांदा. आईने खुर्ची कठड्याकडे वळवून घेतली होती. कोपरं कठड्यावर होती आणि पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती.

"थांब," आई म्हणाली. "मी बसलेय."

ती उठली. वाक्य अर्धं राहिलं होतं, ते राहू दिलं. दूध भांड्याच्या काठावर येऊन थरथरत होतं, आणि तिने गॅस बंद केला तरी थोडं उतू गेलंच. फडक्याने ते पुसत असताना बऱ्याच वेळाने गॅलरीतून, घाई नसलेल्या आवाजात, आईने विचारलं की काय म्हणत होतीस.

"काही नाही," ती म्हणाली. "बस तू."